ग्रँट डफच्या ‘मराठ्यांच्या इतिहासा’ची प्रसिद्धी

साताऱ्याचा पहिला ब्रिटिश रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ (८ जुलै १७८९ – २३ सप्टेंबर १८५८) याने लिहिलेला मराठ्यांचा इतिहास हा तीन खंडांचा इंग्रजी ग्रंथ लंडन येथे १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला. मराठी सत्तेचा उदय, विस्तार व शेवट यांची मूळ कागदपत्रांच्या आधारे सलग हकीकत सांगणारा हा पहिलाच मोठा ग्रंथ होय. त्यातील मतांची चर्चा मराठीत पुष्कळ झाली आहे. मात्र तो छापून प्रसिद्ध कसा झाला, याकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. ग्रंथाच्या शीर्षकात कोणाचे नाव असावे, या प्रश्नावर लेखक आणि प्रकाशक यांचे पटले नाही. प्रकाशकाला मोगल व इंग्रज ही नावे हवी होती, तर लेखकाला मराठ्यांचे. एका शब्दासाठी लेखकाने आर्थिक झीज सोसली. पुढे मराठी अभ्यासकांनी या ग्रंथाशी जो वाद मांडला, त्याची पूर्वपीठिका म्हणून हे प्रकरण महत्त्वाचे आहे.

लेखक आणि सातारा : ग्रँटचा जन्म स्कॉटलंडमधील बँफ येथे झाला. लहानपणीच वडील वारल्यामुळे आईने त्याला घेऊन ॲबर्डीन येथे बिऱ्हाड केले व तेथील मॅरिशल कॉलेजात त्याचे शिक्षण झाले. १८०५ मध्ये तो ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करात छात्र म्हणून दाखल होऊन मुंबईस आला. फार्सी भाषेचे ज्ञान आणि कामातील उरक यांमुळे पुण्याचा रेसिडेंट मौंट स्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन याचे त्याच्याकडे लक्ष गेले व त्याने त्याला आपला साहाय्यक नेमले. या दोघांचा स्नेह अखेरपर्यंत टिकला; ग्रँट डफने आपल्या थोरल्या मुलाचे नावही मौंट स्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन असेच ठेवले. हा मुलगा पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला (१८८१–८६).

दुसऱ्या बाजीरावाविरुद्धच्या युद्धात साताऱ्याचा किल्ला फेब्रुवारी १८१८ मध्ये इंग्रजांच्या हाती आला. त्याच महिन्यात अष्टीच्या लढाईत सेनापती बापू गोखले पडले आणि पेशव्याच्या छावणीत असलेले छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या ताब्यात आले. एप्रिलमध्ये त्यांना साताऱ्यास गादीवर बसविण्यात आले आणि राज्याची घडी बसविण्याचे काम ग्रँटकडे सोपविण्यात आले. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने सातारा राज्याच्या सीमा ठरल्या : उत्तरेस नीरा व भीमा, दक्षिणेस वारणा व कृष्णा, पश्चिमेस सह्याद्री आणि पूर्वेस पंढरपूर व विजापूरचा मुलूख. १८२२ च्या एप्रिलमध्ये राज्यकारभार प्रतापसिंहांच्या हाती देण्यात आला. अतिश्रमाने ग्रँटची प्रकृती ढासळली होती. १८२२ च्या अखेरीस त्याने सातारा सोडले व १८२३ च्या प्रारंभी जॉन ब्रिग्ज याने त्याची जागा घेतली. स्वदेशी परतल्यावर ईडन येथील जहागिरीचा वारसा मिळाल्यामुळे त्याने आपल्या नावास ‘डफ’ हे उपनाव जोडले. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर त्याचा उल्लेख मुंबईच्या पहिल्या अर्थात ग्रेनेडियर देशी पायदळ पलटणीतील कप्तान आणि साताऱ्याचा माजी पोलिटिकल रेसिडेंट असा केलेला आहे.

साधने : ग्रँट डफला साताऱ्यात जी संधी मिळाली, ती त्याच्यापूर्वी कोणाही युरोपीय लेखकास मिळाली नव्हती. पुण्याच्या पेशवे दप्तरातील कागद एल्फिन्स्टनच्या परवानगीने त्याला पाहावयास मिळाले. छत्रपतींच्या घराण्यातील कागद प्रतापसिंहांनी त्याला खुले केले. मल्हार रामराव चिटणीस यांनी साताऱ्यातच रचलेल्या बखरी त्याच्या हाताशी होत्या. यांखेरीज देवस्थानांच्या सनदा, जहागीरदारांची घराणेपत्रे, विजापूरकडील फार्सी हस्तलिखिते, मुंबई व सुरत येथील इंग्रज वखारींच्या नोंदी आणि गोव्याच्या पोर्तुगीज दप्तरातील उतारे त्याने मिळविले. कॅप्टन ॲडम्स याने तयार केलेला नकाशाही त्याच्या कामी आला.

ही साधने नष्ट होण्याच्या मार्गावर होती, हेही ध्यानात घेतले पाहिजे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पुण्याची संगमावरील रेसिडेन्सी जाळली गेली, तीत एल्फिन्स्टनचा ग्रंथसंग्रह भस्मसात झाला. मे १८१८ मध्ये रायगडाला वेढा पडला असता तोफगोळ्यांच्या माऱ्याने गडावरील वाडा जळाला. राज्य बुडाले, कारकुनांची रोजी गेली आणि दप्तरांची रुमाले वाड्यांच्या माळ्यावर जाऊन पडली. अशा वेळी ज्याच्या हाती सत्ता होती आणि ज्याला जिज्ञासाही होती, असा एक अधिकारी साताऱ्यात होता.

त्याच्या ग्रंथातील कितीतरी घराणी व स्थळे साताऱ्याच्या परिसरातीलच आहेत. साताऱ्याच्या पूर्वेस वासना नदीच्या खोऱ्यात वसलेल्या कोरेगावचा आसमंत हे याचे उत्तम उदाहरण आहे. आज कोरेगाव हे सातारा जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. या तालुक्यातील किन्हई हे पंतप्रतिनिधी घराण्याचे मूळ गाव. या गावच्या कुलकर्णी वतनातून वर आलेल्या परशुराम त्रिंबक यांनी राजाराम व ताराबाई यांच्या कारकीर्दीत मोठा पराक्रम गाजविला. ग्रँट डफच्या ग्रंथात या पुरुषाची हकीकत विस्ताराने येते. याच घराण्याच्या वंशजाशी, तसेच पंतसचिव, अक्कलकोटकर भोसले, डफळे, निंबाळकर इ. जहागीरदारांशी त्याने १८२० मध्ये करार केले होते. तेव्हा ज्यांच्या पूर्वजांचा इतिहास तो लिहीत होता, त्यांच्याच वतनांचा निवाडाही तो करीत होता. नागपूरकर भोसल्यांच्या इतिहासात येणारे देऊर व विजापूरकालीन इमारतींसाठी प्रसिद्ध असलेले रहिमतपूर ही गावेही याच तालुक्यात मोडतात. सकाळी कचेरीत ज्या गावाचा वतनतंटा यावा, त्याच गावचा शंभर वर्षांपूर्वीचा वीरपुरुष रात्री टिपणात यावा, अशी ही परिस्थिती होती.

१ जानेवारी १८१८ च्या लढाईमुळे प्रसिद्ध असलेले कोरेगाव मात्र हे नव्हे. ते पुणे जिल्ह्यात भीमा नदीच्या काठी आहे. त्या लढाईचे वर्णन ग्रँट डफने केले आहे. लढाई चालू असता छत्रपती प्रतापसिंह हे बाजीरावाजवळ बसले होते. उन्हासाठी त्यांनी आफताबगीर धरविले, तेव्हा इंग्रजांचा गोळा त्यावर येईल या भीतीने पेशव्याने ते खाली घेण्याची विनंती केली, असा प्रसंग त्याने नोंदविला आहे. सरकारी खलित्यांत असा बारकावा क्वचितच सापडतो. साताऱ्याच्या दरबाराशी त्याचा जो निकटचा सहवास होता, त्याची खूण अशा स्थळी पटते.

लंडनमधील ग्रंथव्यवसाय : ग्रंथाचे बाड घेऊन ग्रँट डफ स्वदेशी गेला, तेव्हा ब्रिटनमधील ग्रंथव्यवसाय भरभराटीत होता, पण त्याचा पाया डळमळीत होता. लेखक आणि प्रकाशक यांच्यातील व्यवहाराचे तेव्हा सामान्यतः चार प्रकार रूढ होते. पहिल्यात प्रकाशक ठराविक रक्कम देऊन ग्रंथाचे स्वामित्व विकत घेई. दुसऱ्यात छपाईचा खर्च वजा जाता उरलेला नफा दोघांनी निम्मा वाटून घ्यावयाचा असे. तिसऱ्यात खर्च व जोखीम लेखकाची असून प्रकाशक केवळ विक्रीवरील दलाली घेई. चौथ्यात आगाऊ वर्गणीदार मिळवून त्यांच्या पैशावर ग्रंथ छापला जाई. लोकप्रिय कवी व कादंबरीकार यांना पहिला प्रकार लाभे. पूर्वेकडील देशांविषयी लिहिणाऱ्या अधिकाऱ्यांच्या वाट्यास बहुधा तिसरा किंवा चौथा येई, कारण अशा ग्रंथांचा वाचकवर्ग लहान असून तो बव्हंशी कंपनीचे संचालक, नोकर आणि निवृत्त अधिकारी यांच्यापुरता मर्यादित होता. कागद महाग होता आणि छपाई पुष्कळ अंशी हातयंत्रावर होई. तीन खंडांचा ग्रंथ म्हणजे मोठीच गुंतवणूक होती.

लंडनच्या प्रकाशकांत या वेळी जॉन मरी (१७७८–१८४३) याचे स्थान अग्रगण्य होते. कवी बायरन याचा तो प्रकाशक होता आणि क्वार्टर्ली रिव्ह्यू हे वजनदार नियतकालिक त्याच्याच संस्थेचे होते. प्रवासवर्णने व राजकीय इतिहास हे तिचे खास क्षेत्र मानले जाई. ॲल्बेमार्ल रस्त्यावरील त्याच्या दिवाणखान्यात लेखक व मुत्सद्दी यांची ऊठबस असे. त्याच्या संस्थेच्या नावाने ग्रंथ निघाला, की त्याला आपोआप प्रतिष्ठा मिळे. दुसरी मोठी संस्था लाँगमन यांची होती. १७२४ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत तेव्हा अनेक भागीदार होते व पॅटरनॉस्टर रो या ग्रंथविक्रेत्यांच्या गल्लीत तिचे दुकान होते.

शीर्षकाचा प्रश्न : ग्रँट डफने आपला ग्रंथ प्रथम मरीकडे नेला. मरीला ग्रंथ नाकारावयाचा नव्हता, पण त्याचे नाव त्याला पसंत पडले नाही. मराठे हे नाव इंग्लंडातील सामान्य वाचकाच्या ओळखीचे नाही आणि त्या नावाच्या ग्रंथाला गिऱ्हाईक मिळणार नाही, असा व्यापारी हिशेब त्यामागे होता. मोगलांचा ऱ्हास आणि इंग्रजांचा उदय अशा स्वरूपाचे शीर्षक दिल्यास ग्रंथ काढता येईल, अशी त्याची सूचना होती. आपण मराठ्यांचा इतिहास लिहिला आहे, तेव्हा ग्रंथाचे नावही तेच राहील, असे ग्रँट डफने त्यावर कळविले आणि हा व्यवहार तेथेच थांबला.

वरवर पाहता ही सूचना विक्रीपुरती होती. ग्रंथातील मजकूर बदलावा असे मरीने म्हटले नव्हते. परंतु शीर्षक बदलले असते, तर ग्रंथाचा अर्थच पालटला असता. मोगल पडले आणि इंग्रज आले, असे म्हटले की मधली दीडशे वर्षे ही केवळ एका साम्राज्याकडून दुसऱ्याकडे जाणारी वाट ठरते आणि त्या वाटेवर मराठे हे एक विघ्न म्हणून उरतात. उलट ‘मराठ्यांचा इतिहास’ म्हटले, की त्यांना प्रारंभ, मध्य व अंत असलेले स्वतःचे चरित्र मिळते आणि इंग्रज हे त्या चरित्राच्या शेवटच्या प्रकरणात येणारे एक पात्र होतात. इंग्रजांनी हिंदुस्थानची सत्ता प्रत्यक्षात मुख्यतः मराठ्यांशी लढून मिळविली होती. त्या लढायांत भाग घेतलेल्या माणसाला ही गोष्ट कोणी शिकवावयास नको होती. लंडनच्या पेढीवर बसलेल्या व्यापाऱ्याला मात्र ती परकी होती.

त्या काळच्या ग्रंथबाजाराकडे पाहिल्यास मरीचा हिशेब चुकीचा होता असे म्हणता येत नाही. जेम्स मिल याचा १८१७ सालचा प्रसिद्ध ग्रंथ ‘ब्रिटिश हिंदुस्थानचा’ इतिहास होता. १८२६ मध्येच मरीने सर जॉन माल्कम याचा हिंदुस्थानचा राजकीय इतिहास प्रसिद्ध केला. त्याची कालमर्यादा १७८४ ते १८२३ अशी असून तो मुख्यतः कंपनीच्या राज्यविस्ताराचा आढावा होता. विजेत्यांना स्वतःच्या विजयाची हकीकत वाचावयास हवी असते, हे प्रकाशक जाणून होता. ग्रँट डफ हाही विजेत्यांपैकीच एक होता आणि कंपनीच्या राज्याच्या न्याय्यतेविषयी त्याला शंका नव्हती. तरीही ज्यांचा पराभव झाला त्यांच्या नावाने ग्रंथ निघावा, हा आग्रह त्याने सोडला नाही. यात मराठ्यांविषयीचे प्रेम होते असे समजण्याचे कारण नाही. विषयाशी इमान राखण्याची ती वृत्ती होती.

प्रसिद्धी आणि तोटा : अखेर लाँगमन, रीस, ऑर्म, ब्राउन अँड ग्रीन या संस्थेने १८२६ मध्ये ग्रंथ तीन खंडांत प्रसिद्ध केला. आर्थिक भार लेखकावर पडला व या व्यवहारात त्याला मोठी खोट आली. प्रकृती खालावलेली असताना अनेक वर्षे केलेल्या परिश्रमांचा मोबदला पैशाच्या रूपाने त्याला मिळाला नाही. काळही प्रतिकूल होता. डिसेंबर १८२५ मध्ये लंडनच्या पेढ्यांवर अरिष्ट कोसळले, त्याचा तडाखा ग्रंथव्यवसायास बसला. जानेवारी १८२६ मध्ये एडिंबरोचा कॉन्स्टेबल हा मोठा प्रकाशक बुडाला आणि त्याच्याबरोबर सर वॉल्टर स्कॉट हा त्या काळचा सर्वांत लोकप्रिय लेखक कर्जबाजारी झाला. जेथे स्कॉटसारख्याची ही गत, तेथे अपरिचित विषयावरील तीन जाड खंडांना कितपत मागणी असणार, हे उघड आहे.

यानंतर ग्रँट डफने दुसरा मोठा ग्रंथ लिहिला नाही. ईडन येथील शेतीवाडी व जहागीर यांची व्यवस्था पाहण्यात त्याचे उर्वरित आयुष्य गेले. १८५० मध्ये पत्नीकडून आलेल्या वारशामुळे त्याने कनिंगहॅम हे उपनावही घेतले. दरम्यान ज्या राजाला त्याने गादीवर स्थिर केले होते, त्या प्रतापसिंहांना कंपनी सरकारने सप्टेंबर १८३९ मध्ये पदच्युत करून काशीस पाठविले. तेथेच १८४७ मध्ये त्यांचा अंत झाला. त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब १८४८ मध्ये निवर्तल्यावर सातारा संस्थान खालसा करण्यात आले. ग्रँट डफने उभारलेली राज्यव्यवस्था अशा प्रकारे त्याच्या हयातीतच संपुष्टात आली. ज्या ग्रंथापायी त्याने तोटा सोसला, तो मात्र राहिला.

व्हिक्टोरिया राणीच्या काळातील बदल : व्हिक्टोरियाच्या कारकीर्दीत (१८३७–१९०१) इंग्लंडातील वाचकवर्ग वाढला आणि हिंदुस्थानविषयक ग्रंथांकडे पाहण्याची प्रकाशकांची दृष्टी हळूहळू बदलली. एल्फिन्स्टनचा हिंदुस्थानचा इतिहास मरीच्या संस्थेने १८४१ मध्ये काढला. त्यात हिंदू व मुसलमानी कालखंडांचे विवेचन होते, इंग्रजी राजवटीचे नव्हते. निजामाच्या नोकरीत असलेला व नळदुर्गकडील मुलखात अधिकारी म्हणून काम केलेला फिलिप मेडोज टेलर याची तारा ही कादंबरी १८६३ मध्ये ब्लॅकवुड या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केली. अफझलखानाच्या स्वारीचा काळ रंगविणाऱ्या या कादंबरीच्या उपशीर्षकात ती एक ‘मराठा कथा’ असल्याचे स्पष्ट म्हटले होते. १८२६ पूर्वी ज्या शब्दावर व्यवहार मोडला, तो शब्द आता मुखपृष्ठावर मिरवण्यास प्रकाशकाला अडचण वाटली नाही.

मरीच्या संस्थेने १८६८ मध्ये मेरी फ्रीअर हिचा दख्खनच्या लोककथांचा संग्रह प्रसिद्ध केला, हेही लक्षणीय आहे. तिचे वडील सर बार्टल फ्रीअर हे साताऱ्याचे रेसिडेंट आणि संस्थान खालसा झाल्यावर तेथील कमिशनर होते. पुढे ते मुंबईचे गव्हर्नर झाले. १८६५–६६ च्या हिवाळ्यात दख्खनच्या दौऱ्यावर असताना मेरीने ॲना लिबेराता द सूझा या आपल्या आयेकडून या कथा ऐकून लिहून घेतल्या. ग्रंथात त्या आयेचे आत्मकथनही तिच्या नावासह छापले गेले. ज्या पेढीला एके काळी मराठ्यांचे नाव विक्रीस अयोग्य वाटले, तिनेच चार दशकांनंतर दख्खनमधील एका सामान्य स्त्रीच्या तोंडच्या गोष्टी छापल्या. अर्थात या ग्रंथांमागेही राज्यकर्त्यांचे कुतूहल होते व सांगणाराच्या शब्दांवर लिहिणाराचा ताबा होता, ही मर्यादा विसरता येत नाही.

मराठी प्रतिसाद : ग्रँट डफच्या ग्रंथाचा खरा वाचक लंडनमध्ये नव्हता, तर महाराष्ट्रात होता. प्रसिद्धीनंतर थोड्याच वर्षांत कॅप्टन डेव्हिड केपन याने बाबा साने यांच्या साहाय्याने त्याचे मराठी भाषांतर केले. ते मराठ्यांची बखर या नावाने ओळखले जाई व शाळांतून दीर्घकाळ वाचले गेले. इंग्रजी शीर्षकातील ‘इतिहास’ या शब्दाच्या जागी मराठीत ‘बखर’ हा परिचित शब्द आला. ‘मराठे’ हा शब्द मात्र तसाच राहिला. शाळकरी मुलांच्या हाती आपल्या पूर्वजांच्या नावाचे पुस्तक पडले, ते परक्याने लिहिलेले का होईना. पुढे मूळ इंग्रजी ग्रंथाच्या आवृत्त्याही लंडनऐवजी मुंबईत निघू लागल्या (१८६३, १८७३, १८७८). विसाव्या शतकात एस्. एम्. एडवर्ड्‌स याने संपादिलेली आवृत्ती ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयातर्फे १९२१ मध्ये प्रसिद्ध झाली.

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि इंग्रजी व मराठी दोन्ही वाचणारी तरुण पिढी पुढे आली. या पिढीतील नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८६७ मध्ये पुण्यात तरुणांच्या एका सभेपुढे ग्रँट डफच्या बखरीवर टीकात्मक निबंध वाचला व तो पुढच्या वर्षी पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. ग्रंथकाराच्या परिश्रमांचे मोल मान्य करूनही त्यांनी एक मूलभूत प्रश्न विचारला : ज्या कागदपत्रांच्या आधारावर हा इतिहास लिहिला, ते कागद कोठे आहेत? आपण जमविलेल्या मराठी हस्तलिखितांच्या नकला मुंबईच्या लिटररी सोसायटीकडे ठेवल्याचे ग्रँट डफने लिहिले होते. परंतु शोध घेणाऱ्यांना त्या तेथे आढळल्या नाहीत. मूळ कागद साहेबाने जाळून टाकले, अशी वदंता त्यामुळे पसरली. या वदंतेस पुरावा नाही आणि अ. रा. कुलकर्णी यांच्यासारख्या आधुनिक इतिहासकारांनी ग्रँट डफच्या कामाचा कागदोपत्री अभ्यास करून त्याची अधिक समतोल बाजू मांडली आहे. तथापि वदंता निर्माण होण्यास कारण होते. ग्रंथ छापला गेला होता, आधार मात्र हाती नव्हते आणि वाचकाने केवळ लेखकाच्या शब्दावर विश्वास ठेवावा अशी स्थिती होती.

कीर्तने यांच्या प्रश्नाने मराठी इतिहाससंशोधनाला दिशा मिळाली. १८७८ मध्ये काव्येतिहास–संग्रह हे मासिक निघाले व त्यातून बखरी आणि पत्रे छापली जाऊ लागली. महादेव गोविंद रानडे यांनी १९०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथात ग्रँट डफच्या दृष्टिकोनाचा प्रतिवाद केला. सह्याद्रीच्या रानात वणवा पेटावा तसा मराठ्यांचा उठाव अकस्मात झाला, या कल्पनेऐवजी त्यामागे संतांनी व समाजाने केलेली दीर्घ तयारी होती, असे त्यांनी प्रतिपादिले. वाई येथे सापडलेल्या एका मोठ्या दप्तरावरून विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ मध्ये मराठ्यांच्या इतिहासाची साधने या मालेचा पहिला खंड काढला. पुढे तिचे बावीस खंड झाले. दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांनी साताऱ्यात कागदपत्रे, चित्रे व दुर्मिळ ग्रंथ यांचा संग्रह उभारला आणि वाईजवळच्या मेणवलीतील नाना फडणीसांचे दप्तरही मिळविले. हा संग्रह १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात नेण्यात आला. कृष्णा-वेण्णेच्या ज्या खोऱ्यात ग्रँट डफने कागद पाहिले, त्याच खोऱ्यातून त्याच्या ग्रंथाला उत्तर देणारे कागद बाहेर आले. या संशोधकांनी कथनापेक्षा साधने आधी छापण्याचा क्रम स्वीकारला, तो ग्रँट डफच्या अनुभवावरून घेतलेला धडा होय.

मूल्यमापन : मरी व लाँगमन या दोन्ही संस्थांची जुनी दप्तरे ब्रिटनमध्ये जतन करण्यात आली आहेत. मरी घराण्याचा पत्रसंग्रह एडिंबरो येथील स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयात असून लाँगमनचे दप्तर रेडिंग विद्यापीठात आहे. लेखकांची पत्रे, छपाईचे हिशेब व विक्रीच्या वह्या असे साहित्य या संस्थांनी शतकानुशतके जपून ठेवले. साताऱ्याच्या कागदांच्या वाट्यास हे भाग्य आले नाही. ज्या नकलांवर ‘मराठ्यांचा इतिहास’ उभा होता, त्या कोठे गेल्या याविषयी पुढील पिढ्यांना तर्क करावा लागला. प्रकाशकाकडील जमाखर्च उरला, पण इतिहासाची साधने विखुरली, ही विसंगती मराठी संशोधकांना बोचली आणि तिच्यातूनच ते कामाला लागले.

ग्रँट डफच्या ग्रंथातील उणिवा आता सर्वमान्य आहेत. लढाया व तह यांवर त्याचा भर आहे. लोकजीवन, धर्म, वाङ्‌मय व अर्थव्यवहार यांकडे त्याचे लक्ष कमी आहे आणि मराठ्यांच्या हेतूंविषयीचे त्याचे निर्णय पुष्कळदा राज्यकर्त्याच्या भूमिकेतून आलेले आहेत. असे असले, तरी त्याने घेतलेला एक निर्णय मराठी वाचकाने त्याच्या खाती जमा धरला पाहिजे. शीर्षक बदलून त्याला प्रतिष्ठित प्रकाशक मिळत होता व कदाचित तोटाही टळला असता. तसे झाले असते, तर मराठ्यांच्या राज्याची पहिली सविस्तर हकीकत मोगल आणि इंग्रज यांच्या नावाखाली दडून राहिली असती. ‘मराठ्यांचा इतिहास’ या नावाचा ग्रंथ अस्तित्वात आला म्हणूनच तो इतिहास खरा की खोटा, पुरा की अपुरा, हा प्रश्न कीर्तने, रानडे व राजवाडे यांना विचारता आला. उत्तर त्यांनी स्वतःच्या कागदांतून दिले; वादाचा विषय मात्र त्यांना ग्रँट डफच्या मुखपृष्ठाने दिला होता.